विज्ञानकथांतील मानवी क्लोनिंग, अभिसंधान आणि स्वत्व : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मानवी क्लोन, त्याच्या मनावर हेतुपुरस्सर केले जाणारे संस्कार म्हणजेच अभिसंधान, आणि त्यातून त्याला पडणारा ‘मी कोण’ हा प्रश्न, या तीन गोष्टी विज्ञानकथेत सहसा एकत्रच येतात. त्यांच्याविषयी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरांत कथानकाचे तपशील, क्वचित शेवटही सांगावे लागले आहेत. ज्यांना त्या कादंबऱ्या कोऱ्या मनाने वाचायच्या असतील त्यांनी तेवढी उत्तरे तूर्त वगळावीत.

शास्त्रीय अर्थाने क्लोन म्हणजे नेमके काय?

एका प्राण्याच्या शरीरपेशीचे केंद्रक घ्यायचे, ते स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात बसवायचे, विजेच्या सौम्य झटक्याने किंवा रसायनांनी त्या बीजांडाचे विभाजन सुरू करायचे आणि तयार झालेला भ्रूण मादीच्या गर्भाशयात रुजवायचा, ही क्लोनिंगची आज रूढ असलेली पद्धत आहे. अशा प्रयोगाची कल्पना जर्मन भ्रूणशास्त्रज्ञ हान्स श्पेमान यांनी १९३८ मध्ये मांडली होती. रॉबर्ट ब्रिग्ज आणि टॉमस किंग यांनी १९५२ मध्ये बेडकाच्या भ्रूणपेशींवर ती यशस्वी करून दाखवली, आणि पुढे जॉन गर्डन यांनी टॅडपोलच्या आतड्यातील पेशींपासून पूर्ण वाढलेले बेडूक मिळवले. प्रौढ सस्तन प्राण्याच्या पेशीपासून जन्मलेला पहिला क्लोन म्हणजे स्कॉटलंडमधील रॉझलिन इन्स्टिट्यूटमध्ये ५ जुलै १९९६ रोजी जन्मलेली डॉली ही मेंढी. सहा वर्षांच्या एका मेंढीच्या कासेतील पेशी वापरून तेथे २७७ बीजांडे तयार केली गेली, त्यांपैकी २९ भ्रूण १३ मेंढ्यांच्या गर्भाशयांत ठेवण्याइतपत वाढले, आणि त्यातून एकच कोकरू जगले.

या सगळ्याचा अर्थ इतकाच की, क्लोन हे मूळ प्राण्याचे उशिरा जन्मलेले जुळे भावंड असते. एवढी गोष्ट मनात पक्की धरली तर विज्ञानकथेतील क्लोनांविषयीचे निम्मे गैरसमज आपोआप गळून पडतात.

कथांमध्ये क्लोन यंत्रातून प्रौढ रूपातच बाहेर येतो. असे होऊ शकते का?

नाही. क्लोनला गर्भावस्थेपासून सगळे टप्पे पार करावे लागतात आणि त्याचे शरीर नेहमीच्याच गतीने वाढते. वयाच्या चाळिशीत कोणी स्वतःचा क्लोन करून घेतला, तर त्याच्या हातात नवजात बाळ येईल, आणि ते बाळ चाळीस वर्षांचे होईल तेव्हा मूळ माणूस ऐंशीचा झालेला असेल. मूळ व्यक्तीच्या आठवणी, भाषा किंवा कौशल्ये जनुकांमधून उतरत नाहीत. प्रौढ क्लोन हा कथानकाची गती वाढवण्यासाठी वापरला जाणारा जुना संकेत आहे. मात्र या सोयीची किंमत अशी मोजावी लागते की बालपण कथेतून पुसले जाते, आणि माझ्या मते क्लोनविषयी विचारण्यासारखे बहुतेक सगळे प्रश्न त्याच्या बालपणातच दडलेले असतात.

जनुके तीच असतील तर क्लोन मूळ व्यक्तीची हुबेहूब प्रत का होत नाही?

कारण जनुकांचा संच सारखा असला तरी त्यातली कोणती जनुके कोणत्या पेशीत केव्हा कार्यरत होतील, हे केवळ त्या संचावर ठरत नाही. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात डिसेंबर २००१ मध्ये ‘सीसी’ नावाचे मांजर क्लोनिंगने जन्मले. ज्या मांजरीपासून ते तयार केले ती तिरंगी होती, पण सीसीच्या अंगावर नारिंगी रंगाचा मागमूस नव्हता. मादी मांजराच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र बंद पडते. एकदा बंद पडलेले गुणसूत्र त्या पेशीच्या वंशात बंदच राहते. आणि सीसी ज्या एका पेशीपासून घडले तिच्यात नारिंगी रंगाचे जनुक वाहणारे गुणसूत्र निद्रिस्तच राहिले. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिकांचे स्वतःचे थोडे डीएनए असते व ते बीजांड देणाऱ्या मादीकडून येते. गर्भाशयातील पोषण, मातेची संप्रेरके आणि निव्वळ योगायोग यांचाही वाटा असतो. म्हणूनच एकाच वेळी, एकाच गर्भाशयात वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्याही बोटांचे ठसे वेगवेगळे असतात.

लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी हीच गोष्ट ‘ब्रदर्स इन आर्म्स’ (१९८९) आणि ‘मिरर डान्स’ (१९९४) या कादंबऱ्यांत फार परिणामकारकपणे वापरली आहे. त्यांचा नायक माइल्स आईच्या पोटात असताना झालेल्या विषबाधेमुळे ठेंगणा आणि ठिसूळ हाडांचा झालेला आहे. त्याच्या जागी तोतया बसवण्यासाठी शत्रू त्याचा क्लोन तयार करतात. पण हा दोष जनुकांत नसल्यामुळे क्लोन धडधाकट वाढू लागतो. मग त्याला मूळ व्यक्तीसारखा दिसावा म्हणून शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया करून मुद्दाम विकृत केले जाते. प्रत आपोआप तयार होत नसल्याने तिच्यासाठी जिवंत मुलाचे शरीर मोडावे लागते, हे या तपशिलातून जितके स्पष्ट होते तितके एखाद्या शास्त्रीय परिच्छेदातून होणार नाही.

अभिसंधान म्हणजे काय आणि ते विज्ञानकथेत कसे आले?

विशिष्ट अनुभवांची पुनरावृत्ती करून एखाद्या जीवाच्या प्रतिक्रिया घडवणे म्हणजे अभिसंधान. रशियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ इव्हान पाव्हलोव्ह यांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून असे दाखवले की, अन्नाबरोबर वारंवार येणारा आवाज पुढे एकटा आला तरी कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते. हे अभिजात अभिसंधान. बक्षीस आणि शिक्षा यांनी वर्तनाला वळण लावणे हे साधक अभिसंधान, आणि त्याचा सविस्तर अभ्यास बी. एफ. स्किनर यांनी केला. या दोहोंच्या मधल्या काळात जॉन वॉटसन यांनी अशी भूमिका मांडली की, निरोगी अर्भके आणि त्यांना वाढवण्यासाठी स्वतःच्या पसंतीचे जग मिळाले तर त्यांतल्या कोणत्याही मुलाला आपण हव्या त्या पेशात तरबेज करू, मग त्याचे पूर्वज कोणीही असोत. वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका तान्ह्या मुलाला पांढऱ्या उंदराची भीती घातली गेली होती. उंदीर समोर आला की मुलाच्या मागे लोखंडी कांबीवर हातोडी मारली जाई. आजच्या नैतिक निकषांवर असा प्रयोग उभाही राहू शकणार नाही.

विज्ञानकथालेखकांना या संशोधनाने एक अवजड प्रश्न दिला. माणूस इतका घडवता येण्याजोगा असेल, तर घडवणारा कोण असावा आणि घडवल्या जाणाऱ्याची संमती कोणाकडून घ्यावी?

‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये क्लोनिंग आहे का?

काटेकोरपणे पाहिले तर नाही. ऑल्डस हक्सले यांच्या १९३२ मधल्या या कादंबरीत प्रौढ पेशीपासून माणूस तयार होत नाही. एका फलित बीजांडाला फुटवे आणून त्यातून जास्तीत जास्त ९६ एकसारखी भावंडे मिळवली जातात. म्हणजे हे जुळ्यांचे कारखानी उत्पादन आहे. पण वाचकांच्या मनात ही कादंबरी क्लोनिंगशी जोडली गेली ते योग्यच आहे, कारण सारखी शरीरे आणि सारखी मने एकाच छताखाली तयार करण्याची कल्पना तिने पूर्णत्वाने मांडली.

एक बाब वाचकांच्या नजरेतून अनेकदा सुटते. हक्सलेंच्या जगाचा नुसत्या जनुकसाम्यावर अजिबात विश्वास नाही. खालच्या वर्गांच्या भ्रूणांना बाटलीत असतानाच प्राणवायू कमी दिला जातो, जेणेकरून त्यांची बुद्धी खुंटावी. आठ महिन्यांच्या अर्भकांना पुस्तके आणि फुले दाखवून, ती रांगत तिकडे गेली की कर्कश भोंगे वाजवले जातात आणि विजेचे झटके दिले जातात. त्यानंतर वर्षानुवर्षे झोपेत तीच ती वाक्ये त्यांच्या कानांवर आदळत राहतात. आपला वर्ग हाच सर्वांत सुखाचा, असे प्रत्येक वर्गाला वाटले पाहिजे, हा या सगळ्याचा हेतू. एवढी यंत्रणा लागते, याचा अर्थ सारखेपणा निसर्गतः टिकत नाही, हे त्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे.

झोपेत खरोखर शिकवता येते का?

नवी, अर्थपूर्ण माहिती गाढ झोपेत शिकवता येत नाही. १९५० च्या दशकात मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवून केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ज्यांना काही आठवले ते ऐकताना प्रत्यक्षात जागे किंवा अर्धवट जागे होते. हक्सलेंची कादंबरी त्याआधीची असूनही तिच्यात एक सावध भेद केलेला आहे. तेथे झोपेत तथ्ये शिकवण्याचा प्रयत्न फसतो, मुलाला वाक्य पाठ होते पण त्याचा अर्थ कळत नाही. म्हणून ही पद्धत फक्त भावना आणि पूर्वग्रह रुजवण्यासाठी राखून ठेवली जाते.

क्लोनिंगच्या कथेत अभिसंधान इतक्या वेळा का येते?

कारण ज्याला विशिष्ट व्यक्ती परत हवी असते त्याचे काम नुसत्या जनुकांनी भागत नाही. शरीर पुन्हा मिळते, आयुष्य मिळत नाही. मग ते आयुष्यही पुन्हा घडवून आणण्याचा मोह होतो. क्लोनच्या कथेतील खरी भीती येथे सुरू होते असे मला वाटते.

आयरा लेव्हिन यांच्या ‘द बॉइज फ्रॉम ब्राझील’ (१९७६) या थरारकथेचा सारा डोलारा याच तर्कावर उभा आहे. तीत नाझी डॉक्टर योझेफ मेंगेले हिटलरचे ९४ क्लोन वेगवेगळ्या देशांतील कुटुंबांत दत्तक जातील अशी व्यवस्था करतो. ही कुटुंबे निवडताना वडील वयस्क, करडे आणि सरकारी नोकरीत असावेत हे पाहिले जाते, आणि ते ६५ वर्षांचे होताच त्यांना ठार मारण्याची योजना असते. कारण खऱ्या हिटलरचे वडील, जे सीमाशुल्क खात्यात अधिकारी होते, ते १९०३ मध्ये ६५ व्या वर्षी वारले आणि तेव्हा मुलगा तेरा वर्षांचा होता. मुलाला पोरके केले की तो तसाच होईल, असा हा क्रूर हिशेब. मेंगेलेच्या विचारातील चूक उघड आहे. हिटलर घडायला एक पराभूत देश, एक महायुद्ध, एक आर्थिक कोसळ आणि कोट्यवधी अनुयायी लागले होते, आणि त्यांपैकी काहीही दत्तक कुटुंबात पुरवता येत नाही. तरीही लेव्हिन वाचकाला पूर्ण निश्चिंत करत नाहीत, कारण त्या मुलांचे काय होईल हे जसे मेंगेलेला सांगता येत नाही तसे त्याच्या विरोधकांनाही नाही. त्या मुलांना आताच मारून टाकावे का, हा प्रश्न कादंबरीत उभा राहतो, आणि जन्माच्या मूळ आराखड्यावरून माणसाला दोषी ठरवण्यास दिलेला नकार हा माझ्या दृष्टीने तिचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

‘सायटीन’ या कादंबरीला या विषयात इतके महत्त्व का दिले जाते?

कारण सी. जे. चेरी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळालेल्या या प्रदीर्घ कादंबरीत क्लोनिंग, अभिसंधान आणि स्वत्व हे तिन्ही धागे एकाच विणीत आले आहेत, आणि तेही घाई न करता. रेसून नावाच्या प्रयोगशाळेची प्रमुख, असामान्य बुद्धीची आणि तितकीच निर्दय असलेली एरियान एमरी मारली जाते. तिच्यावाचून राज्याचे चालणार नाही असे वाटल्याने तिचा क्लोन जन्माला घातला जातो. याआधी एका थोर भौतिकशास्त्रज्ञ स्त्रीचा क्लोन करून पाहिलेला असतो आणि तो प्रयोग अपयशी ठरलेला असतो. नुसती जनुके देऊन प्रतिभा परत मिळत नाही हा त्यातून घेतलेला धडा. म्हणून या वेळी मुलीचे बालपण मूळ एरियानच्या बालपणाबरहुकूम रचले जाते. तिच्या रक्तातील संप्रेरकांची पातळी जुन्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. तिला आई म्हणून एक शास्त्रज्ञ स्त्री दिली जाते, आणि मूळ एरियानची आई ज्या वयात गेली त्या वयात या मुलीपासूनही तिची आई हिरावून घेतली जाते.

कादंबरीतील हा भाग वाचताना मन घट्ट करावे लागते. त्या लहान मुलीला कळत नाही की आई अचानक का निघून गेली, आणि ज्यांना कळते ते सर्व मोठे लोक शांतपणे तिच्या दुःखाची नोंद ठेवत असतात. दुःख हे प्रयोगाचे साहित्य झालेले असते. चेरी यांचे लेखन कोरडे, कार्यालयीन अहवालांनी भरलेले आहे अशी तक्रार काही वाचक करतात. मला मात्र तो कोरडेपणा येथे अपरिहार्य वाटतो, कारण मुलीवर होणारा अन्याय त्याच अहवालांच्या भाषेत होत असतो.

पुढे ती मुलगी, एरी, मोठी होते, स्वतःविषयीच्या नोंदी तिच्या हाती येतात आणि मृत एरियानने मागे ठेवलेल्या संगणकीय नोंदी तिच्याशी जणू थेट बोलू लागतात. या टप्प्यावर बहुतेक लेखकांनी बंड दाखवले असते. चेरी तसे करत नाहीत. एरीला आपली पूर्वज आकर्षक वाटते, तिची बुद्धी हवीशी वाटते, आणि तिचा क्रूरपणा मात्र पुन्हा करायचा नाही असे ती ठरवू पाहते. आपल्याला कोणत्या साच्यात ओतले गेले हे समजल्यावर त्यातले काय ठेवायचे याची निवड ती करू लागते. ही निवडही आराखड्यातच धरलेली होती का, हा संशय कादंबरी जिवंत ठेवते, आणि तो तसाच राहिला पाहिजे.

याच कादंबरीत क्लोनिंगची दुसरी, अधिक अस्वस्थ करणारी बाजूही आहे. ‘आझी’ म्हणून ओळखली जाणारी माणसे प्रयोगशाळेत जन्मतात आणि ‘टेप’ नावाच्या औषधसाहाय्य शिकवणीतून त्यांचे मन घडवले जाते. त्यांच्यावर दुसऱ्यांचा मालकी हक्क असतो, त्यांचे आराखडे सुधारले जातात, आणि अडचण आली की ते टेपकडे आसऱ्याला जावे तसे जातात. ग्रँट नावाचा आझी आणि जस्टिन वॉरिक, जो स्वतः आपल्या वडिलांचा क्लोन आहे, या दोघांमधील स्नेह हा या कादंबरीचा जिव्हाळ्याचा भाग होय. ग्रँटची निष्ठा त्याच्यात घातलेली आहे हे दोघांनाही माहीत आहे, आणि तरीही ती खोटी आहे असे वाचक म्हणू शकत नाही.

मग ज्याचे मन मुद्दाम घडवले गेले आहे त्याला स्वतंत्र इच्छा असते का?

या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी दोन परिस्थिती वेगळ्या कराव्या लागतात. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) मध्ये अॅलेक्स या हिंसक तरुणाला औषधे देऊन हिंसेची चित्रफीत दाखवली जाते, आणि हिंसेचा विचारही मनात आला की त्याला मळमळू लागते. येथे आधी एक व्यक्ती होती, तिच्या इच्छा होत्या, आणि त्यांच्यावर बाहेरून कुलूप घातले गेले. इच्छा शिल्लक आहे, ती अमलात आणण्याची क्षमता नाही. तुरुंगातील धर्मोपदेशकाच्या मते तो चांगला झालेला नसतो, कारण चांगुलपणा निवडण्याची ताकदच त्याच्यात उरलेली नसते.

आझीसारख्या व्यक्तीचे तसे नाही. तिच्याबाबतीत आधीचा ‘खरा’ माणूस कुठेच नाही. अभिसंधान काढून टाकले तर खाली दडलेले कोणी मुक्त होत नाही. पण हेच काही प्रमाणात प्रत्येकाबाबत खरे आहे, कारण मातृभाषा, लाज, भीती आणि श्रद्धा आपल्यापैकी कोणीही निवडून घेतलेल्या नसतात. फरक आहे तो हेतूचा आणि नोंदवहीचा. सर्वसाधारण मुलाला घडवणारे अनेक असतात, त्यांचे आपसांत पटत नाही, आणि त्या विसंवादातून मुलाला स्वतःची वाट काढायला फटी मिळतात. आझीला घडवणारा हात एकच असतो आणि त्याला फटी ठेवायच्या नसतात. त्यामुळे इच्छास्वातंत्र्य आहे की नाही यापेक्षा, एका व्यक्तीच्या घडणीवर दुसऱ्याची मक्तेदारी असावी का, हा प्रश्न मला अधिक नेमका वाटतो.

एकाच व्यक्तीच्या अनेक क्लोनांचे मन एकच असते का?

जनुकांमुळे तसे होण्याचे कारण नाही. एकत्र वाढवल्यामुळे ते एकमेकांच्या फार जवळ येऊ शकतात. अर्सुला के. ल ग्विन यांच्या ‘नाइन लाइव्ह्ज’ (१९६९) या कथेत एका माणसापासून तयार झालेले दहा क्लोन एका परग्रहावरील खाणीवर काम करायला येतात. ते एकमेकांचे वाक्य पुरे करतात, एकमेकांवर प्रेम करतात आणि इतर माणसांची त्यांना गरजच भासत नाही. भूकंपात नऊ जण दगावतात आणि काफ एकटा उरतो. प्रत्येक भावंडाच्या मृत्यूच्या यातना त्याच्या शरीरातून जातात. त्यानंतर मात्र त्याला, आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्यासारख्या नसलेल्या माणसाशी बोलायला शिकावे लागते. ल ग्विन यांचे म्हणणे मला असे दिसते की काफला स्वत्व हवे असेल तर त्याने कोणापेक्षा वेगळे असणे पुरेसे नाही, त्याने परक्या व्यक्तीकडे हात पुढे केला पाहिजे.

केट विल्हेल्म यांची ‘व्हेअर लेट द स्वीट बर्ड्स सँग’ (१९७६) ही कादंबरी उलट्या दिशेने जाते. मानवजात वंध्य झाल्यावर एका खोऱ्यातील कुटुंब क्लोनिंगने टिकून राहते. पण भावंडांच्या संचात वाढलेल्या नव्या पिढ्यांना एकटेपणा सोसवत नाही, अरण्यात वाट काढता येत नाही, आणि हळूहळू काही नवे सुचणेही थांबते. एकट्याने वाढलेला मार्क नावाचा मुलगा त्यांना हवाही असतो आणि नकोही.

अवयवांसाठी वाढवलेले क्लोन पळून का जात नाहीत?

काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) विषयी हा प्रश्न हमखास विचारला जातो, आणि त्यामागे बहुधा थोडा रागही असतो. कॅथी, टॉमी आणि रूथ हेल्शम नावाच्या निवासी शाळेत वाढतात. रूथ आणि टॉमी तरुणपणी एकामागून एक अवयव देतात आणि मरतात, आणि शेवटी कॅथीचीही पाळी जवळ आलेली असते. कुंपणाला वीज नाही, पाळतीला पहारेकरी नाहीत. तरीही ती जात नाहीत.

कारण ही अभिसंधानाचीच कथा आहे, फक्त तीत झटके आणि औषधे नाहीत. मुलांना त्यांच्या भवितव्याची माहिती इतक्या लहान वयात आणि इतक्या तुकड्या-तुकड्यांनी दिली जाते की ती त्यांना कळलेली असते, पण तिचा धक्का कधीच बसत नाही. मरणाला, शरीर कापण्याला त्यांच्या जगात सौम्य शब्द वापरले जातात आणि तेच शब्द घेऊन ती मोठी होतात. त्यांची सर्वांत धाडसी आशाही सुटकेची नसते. खरे प्रेम सिद्ध केले तर काही वर्षांची सवलत मिळते अशा एका अफवेपुरती ती असते. ज्याने पळून जाण्याची कल्पनाच कधी केलेली नाही त्याला कुंपण लागत नाही. बंडाचे दृश्य या कादंबरीत आले असते तर वाचकाला हायसे वाटले असते, आणि इशिगुरो ते हायसेपण नाकारतात.

हेल्शममध्ये मुलांची चित्रे जमवली जातात, कारण बाहेरच्या समाजाला त्यांना आत्मा आहे हे पटवून द्यायचे असते. असा पुरावा मागावासा वाटणे, यातच त्या समाजाची परीक्षा झालेली आहे.

आठवणींचीही प्रत करता आली तर मूळ कोण आणि प्रत कोण?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी आपल्या मानवी आकलनावरील निबंधाच्या १६९४ मधील दुसऱ्या आवृत्तीत राजपुत्र आणि चांभार यांचे उदाहरण घेतले. राजपुत्राची जाणीव आणि आठवणी चांभाराच्या देहात गेल्या तर ती व्यक्ती राजपुत्रच ठरेल, असे त्यांचे मत होते. हा निकष लावला तर आठवणी नसलेला क्लोन ही अर्थातच दुसरी व्यक्ती ठरते. पण डंकन जोन्स यांच्या ‘मून’ (२००९) या चित्रपटात चंद्रावर काम करणाऱ्या सॅम बेलच्या प्रत्येक क्लोनमध्ये मूळ सॅमच्या आठवणी घातलेल्या असतात. त्याला आठवणारी पत्नी आणि मुलगी त्याच्या आयुष्यात कधी आलेलीच नसतात, तरी त्यांची ओढ खरी असते. दोन सॅम एकमेकांसमोर येतात तेव्हा लॉकचा निकष अडखळतो, कारण दोघांनाही तोच भूतकाळ आठवतो आणि एकच व्यक्ती दोन ठिकाणी असू शकत नाही. तेथून पुढे दोघांचे अनुभव वेगळे होत जातात व काही दिवसांत त्यांचे स्वभावही वेगळे दिसू लागतात.

क्लोनचे मूळ व्यक्तीशी नाते कोणते मानावे?

जैविकदृष्ट्या ते जुळे भावंड. पालनपोषणाच्या दृष्टीने बहुधा अपत्य. बुजोल्ड यांच्या कथाविश्वातील एका ग्रहाचा कायदा क्लोनला भावंड मानतो. आपल्याला ठार मारायला वाढवलेल्या त्या मुलाला माइल्सही शत्रू न मानता धाकटा भाऊ मानतो, आणि आपल्या घराण्याच्या रिवाजानुसार धाकट्या मुलाचे जे नाव असायला हवे ते त्याला देतो. त्या नावापूर्वी त्याला स्वतःचे असे काहीच नव्हते.

प्रत्यक्षात मानवी क्लोनिंग कुठवर आले आहे?

क्लोनिंगने माणूस जन्मल्याचा एकही सिद्ध झालेला दाखला नाही. १९७८ मध्ये एका अमेरिकी पुस्तकात असा दावा केला गेला होता, तो न्यायालयीन प्रकरणानंतर फसवणूक ठरला. डिसेंबर २००२ मध्ये क्लोनेड या संस्थेने केलेल्या दाव्यालाही कोणताच पुरावा दिला गेला नाही. २०१३ मध्ये ओरेगनमधील शूख्रात मितालिपोव्ह यांच्या गटाने केंद्रक प्रत्यारोपणाने मानवी भ्रूण तयार करून त्यांपासून मूलपेशी मिळवल्या, परंतु तो प्रयोग मूल जन्माला घालण्यासाठी नव्हता. चीनमधील शांघायच्या शास्त्रज्ञांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ या दोन माकडांच्या जन्माची माहिती जानेवारी २०१८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यासाठी प्रौढ माकडाच्या नव्हे, तर गर्भाच्या पेशी वापराव्या लागल्या होत्या.

युनेस्कोने १९९७ मध्ये मानवी जनुकसंचाविषयीच्या जाहीरनाम्यात प्रजननासाठीचे क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मार्च २००५ मध्ये ८४ विरुद्ध ३४ मतांनी केलेला ठराव बंधनकारक नव्हता, आणि वैद्यकीय संशोधनासाठीच्या क्लोनिंगवरून देशांमधील मतभेद त्यात उघड झाले. सुरक्षिततेचा आक्षेप आजही सर्वांत भक्कम आहे, कारण प्राण्यांमधील अनुभव पाहता एका निरोगी जन्मामागे अनेक गर्भपात आणि व्यंगे येतात. तो उद्या दूर झाला तरी तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी मांडलेला, मुलाला खुल्या भविष्याचा हक्क असण्याचा मुद्दा शिल्लक राहतो. ज्याच्या जन्माआधीच त्याचे जीवनचरित्र लिहून झाले आहे अशा मुलाविषयी तो विशेष लागू पडतो.

वाचायला सुरुवात कुठून करावी?

ज्यांना लहान कथेपासून सुरुवात करायची आहे त्यांनी ‘नाइन लाइव्ह्ज’ घ्यावी. ती एका बैठकीत वाचून होते. त्यानंतर ‘नेव्हर लेट मी गो’ वाचावी, शक्यतो तिच्यावरील चित्रपट पाहण्याआधी, कारण कॅथीच्या निवेदनातील आडपडदे पडद्यावर तितकेसे उतरत नाहीत. हक्सले वाचताना पहिली तीन प्रकरणे सावकाश वाचावीत, पुढचा सगळा युक्तिवाद त्यांवरच उभा आहे. ‘सायटीन’ शेवटी ठेवावी. तिची सुरुवातीची पाने राजकारणाने आणि अपरिचित नावांनी भरलेली आहेत आणि अनेक वाचक तेथेच थांबतात. एरीचा जन्म होईपर्यंत धीर धरावा, मग ती कादंबरी खाली ठेववत नाही.